डाव्या पायाने की डोक्याने

चारशे एकवीस दिवस.
मोजू नकोस, म्हणतो लॉर्न,
पण तोही मोजतो; ओठ हलताना दिसतात मला त्याचे.

शनिवारी दोन वाजता
मी बंदरामागून लांबचा रस्ता धरतो,
जिथे मासळीच्या रिकाम्या खोक्यांवर सीगल भांडत असतात
आणि समुद्रावरचा वारा कानशिलात मारतो.
जवळच्या रस्त्यावर टॅम गेडिसचा अड्डा आहे.
महिन्यातून एकदा पाय चुकतातच.
दारातून येणारी ऊब मला अजून नावाने ओळखते.
टॅम खिडकीच्या काचेवर बोट वाजवतो :
अरे, एकच.

एकच या शब्दाला तळ नाही, टॅम.
मी बुडी मारून पाहिलीय.

हातांचं काय करायचं हे कुणी शिकवत नाही.
मी कागदी पेल्यात बोव्हरिल घेतो,
गोमांसाचा खारट, काळा काढा,
जीभ पोळते, चष्म्यावर वाफ येते,
आणि पहिली पंधरा मिनिटं
दोन्ही संघ धुक्यात खेळतात.
सामना नव्वद मिनिटांचा.
तहान त्याच्या आधी सुरू होते
आणि शिट्टीला जुमानत नाही.

आता त्या गोलाबद्दल.

अकरा वर्षांपूर्वी, चषकाची उपांत्य फेरी, शेवटचं मिनिट,
आमच्या गावाने आयुष्यात मारलेला एकुलता एक मोठा गोल.
मी तिथे होतो.
तिकीट आहे, फ्रिजवर चिकटवलेलं.
फोटो आहे : तोंड वासलेलं, मफलर डोळ्यांवर,
मी कुणा परक्या माणसाच्या गळ्यात.
फक्त गोल नाही.
जिथे तो असायला हवा
तिथे बसमधली एक खिडकी आहे, ओली,
आणि नंतर स्वयंपाकघराची फरशी.

म्हणून मी विचारत फिरतो.
टॅम म्हणतो, डाव्या पायाने, वीस यार्डांवरून.
पोस्टातला फर्गस म्हणतो, छे, डोक्याने, दुसऱ्या खांबापाशी.
मकॲस्किल, ज्याने तो मारला,
तो आता कर्कॉल्डीत गाड्यांचे टायर बदलतो.
त्यालाही विचारलं.
गुडघ्याला लागला रे, म्हणाला तो, पाना खाली ठेवून,
आणि कुणाला सांगू नकोस.

पण आज, हा शून्य-शून्य,
पाऊस आडवा, पंच तिरसट,
हा मात्र सगळाच्या सगळा माझा आहे.
उजव्या बगलेवरच्या पोराची सुटलेली नाडी.
गोलकीपर खांबाला दोनदा थोपटतो, बैलाला थोपटावं तसा.
मागच्या रांगेतली बाई
विरोधी खेळाडूच्या आईची चौकशी करते
आणि लगेच नातवाचे कान झाकते.
एकोणचाळिसाव्या मिनिटाला चेंडू छपरावर अडकला
आणि आठशे माणसं एकदम वर बघू लागली, देवळात बघावं तशी.
कुणी विचारलं तर मी सांगू शकतो.
कुणी विचारत नाही. शून्य-शून्यबद्दल कोण विचारणार.

इशबेल आज बरोबर आहे.
तेव्हा नऊ वर्षांची होती, आता वीस.
मध्यंतरात, धीर करून, तिलाही विचारलं :
तुला आठवतो का गं तो गोल? कसा होता?

तिने पेस्ट्रीचा तुकडा नीट चावून गिळला.
मी नाही पाहिला, म्हणाली.
मी तुझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही फारसं बोललो नाही.
वारा फिरला होता, आता आमच्या बाजूने,
त्याचाही काही उपयोग नव्हता.

सदुसष्टाव्या मिनिटाला
थंडीने बधिर बोटांतून माझा पेला निसटला,
काढा तिच्या बुटांवर.
ती झटकन वळली. तीच मान, तोच वेग, नऊ वर्षांचा.
मग वाकून रिकामा पेला उचलला
आणि नाकाशी नेला.

मी नेऊ दिला.

थ्रो-इन. आमचा.